पाण्यात मिसळा

जोशीकाकूंनी ट्रे माझ्यासमोर ठेवला. स्टीलच्या वाटीत चिवडा आणि काचेच्या ग्लासात सरबत. फिकट पोपटी रंगाचं. वर बुडबुड्यांची एक बारीक कडा.

“घ्या,” त्या म्हणाल्या. “तुमच्याच बाटलीतलं आहे. म्हटलं, पहिला मान तुमचा.”

मी ग्लासाकडे बघितलं. मग मान वळवून ओट्याकडे बघितलं. कोकम आगळाची बाटली आणि मधाची बरणी यांच्या मधोमध आमची बाटली उभी होती. सील फोडलेलं.

“काकू, तुम्ही प्यायलात का हे?”

“नाही हो. मला डायबेटिस आहे. ह्यांना देणार होते, पण हे बँकेत गेलेत.”

“आणखी कुणी?”

“कोण पिणार? दोघंच तर आहोत घरात.”

मी ग्लास उचलला आणि सिंकमध्ये ओतला. ओतताना भरपूर फेस आला. काकू माझ्याकडे बघतच राहिल्या.

“काकू, हे सरबत नाही. हे भाज्या आणि फळं धुवायचं लिक्विड आहे. साबणाच्या जातीचं.”

काकूंनी शांतपणे चष्मा लावला. बाटली हातात घेतली, पुढून नीट बघितली.

“बाटली सरबताची. नाव सरबतवाल्यांचं. वर लिंबू, शेजारी पुदिना. खाली लिहिलंय, ‘एक झाकण पाण्यात मिसळा.’ आता ह्यात साबण कुठे दिसतो, ते तुम्हीच दाखवा.”

मी बाटली फिरवली. मागच्या बाजूला, बारकोडच्या खाली, बारीक अक्षरात एक ओळ होती: पिण्यासाठी नाही.

“हे वाचायला चष्मा नाही, दुर्बीण लागेल,” काकू म्हणाल्या. “सांगा तुमच्या साहेबांना. उद्या फिनेलवर हापूस काढतील.”

एरवी मी हसले असते. ते वाक्य रिपोर्टमध्ये जसंच्या तसं घातलं असतं. त्या दिवशी माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती. अशाच बाटल्या मी पुण्यातल्या आणखी डझनभर घरांमध्ये ठेवून आले होते.

माझं काम थोडक्यात सांगते. एखादी कंपनी नवीन वस्तू बाजारात आणते, तेव्हा तिचं पाकीट, बाटली, लेबल लोकांना कळतंय का, हे आधी तपासायचं असतं. आम्ही ती तपासणी करतो. याला युजर रिसर्च म्हणतात. ही कंपनी सरबतं आणि लोणची करणारी, पुण्यातलीच, घरगुती. तिचं नाव देत नाही. पुण्यातल्या कित्येक घरांत पाहुणा आला की त्यांचंच सरबत निघतं. त्यांनी पहिल्यांदाच खाण्यापिण्याबाहेरची वस्तू काढली होती. बाटलीचा साचा सरबताचाच वापरला, कारण तो तयार होता. लोगोही तोच ठेवला, कारण त्या लोगोवर लोकांचा विश्वास होता.

आम्ही आधी हॉल टेस्ट केली. म्हणजे एक हॉल घ्यायचा, लोकांना बोलवायचं, बाटली हातात द्यायची आणि प्रश्न विचारायचे. ‘हे काय आहे असं वाटतं?’ सगळ्यांनी बाटली फिरवून फिरवून वाचली आणि बरोबर उत्तर दिलं. क्लायंट खूश झाला. त्यानंतरची पायरी प्लेसमेंट. म्हणजे वस्तू लोकांच्या घरी ठेवायची, काही दिवस वापरू द्यायची आणि मग जाऊन बघायचं. या पायरीचा नियम असा की वस्तूबद्दल आपण काही सांगायचं नाही. निदान ‘पिऊ नका’ एवढं तरी तोंडी सांगू या, असं मी सुचवलं होतं. क्लायंटकडच्या ब्रँड मॅनेजरनं, श्रुतीनं, उत्तर दिलं, “मॅम, दुकानात कोण सांगणारे? लेबलला बोलू दे ना.” तिचं म्हणणं नियमाला धरूनच होतं.

लेबल बोललं. काय बोललं, ते मला जोशीकाकूंच्या ओट्यावर कळलं.

बाटली पिशवीत टाकून मी जिन्यातूनच नितीन सरांना फोन लावला. ते आमच्या एजन्सीचे प्रमुख.

“एका घरातला गैरसमज आहे, वैशाली,” ते म्हणाले. “लगेच पॅनिक नको. सगळ्यांना फोन करून सांगितलंस तर आख्खी स्टडी बाद होईल. लाँच तोंडावर आलाय.”

“सर, होऊ दे बाद.”

“क्लायंटला काय सांगू?”

“ते मला नंतर विचारा.”

मी फोन ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा मी बॉसचा फोन मध्येच ठेवला होता आणि त्याचं मला काही वाटलं नाही.

जिन्याच्या पायरीवर बसून मी एकेका घराला फोन करत गेले. “बाटली उघडलीत का?” हा पहिला प्रश्न. सिंहगड रस्त्यावरच्या एका बाईंनी त्या लिक्विडनं भेंडी धुतली होती. मला त्यांना मिठी मारावीशी वाटली. कोथरूडच्या आजोबांनी उघडलीच नव्हती. हडपसरच्या एक ताई म्हणाल्या, “आज मुलांना करून देणारच होते, शाळेतून आल्यावर.” मी त्यांना बाटली बाहेरच्या कपाटात कुलपात ठेवायला लावली आणि फोनवर कुलपाचा आवाज ऐकेपर्यंत थांबले. आणखी एका घरी ती सरबताच्या बाटल्यांशेजारी मांडून ठेवली होती. म्हणजे गैरसमज एका घरातला नव्हता.

एकच घर राहिलं. धायरीच्या सुरेखाताई. त्यांचा फोन वाजत होता, पण कुणी उचलत नव्हतं. पुन्हा लावला, पुन्हा तेच. व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज टाकला, ‘बाटलीतलं पिऊ नका, कुणाला देऊ नका.’ निळ्या खुणा काही येईनात.

मी स्कूटर काढली.

सिंहगड रस्त्यावरच्या गर्दीचं वर्णन पुणेकरांना नको. सिग्नलला थांबले की मी फोन लावत होते. हेल्मेटच्या आत घाम कानांवरून ओघळत होता. स्वतःची समजूतही घालत होते. भाजी धुवायचंच तर आहे, विष थोडंच आहे? लगेच पुढचा प्रश्न यायचा. नक्की काय आहे त्यात? मला माहीत नव्हतं. मी लेबलच्या रंगांवर पन्नास पानं लिहू शकले असते. बाटलीत काय आहे, ते मी कधी विचारलंच नव्हतं.

धायरीतलं सुरेखाताईंचं घर म्हणजे पुढे दुमजली बंगला, मागे भाडेकरूंच्या खोल्या आणि पलीकडे शिल्लक राहिलेला वावराचा तुकडा. ओसरीवर त्यांच्या सासूबाई लसूण सोलत बसल्या होत्या.

“सुरेखाताई आहेत का?”

“न्हाय बया. ती भनीकडं गेलीया, मंडईला. पूजाचं डोहाळजेवण हाय न्हवं आज.”

“फोन उचलत नाहीत त्या.”

“उचलंल कशी? फोन हितंच ऱ्हायलाय. सकाळधरनं वाजतुय. मला उचलाया येत न्हाय.” त्यांनी खिडकीकडे बोट दाखवलं. चार्जरला लावलेल्या फोनवर माझ्याच नावाचे मिस्ड कॉल दिसत होते.

“आजी, मी एक बाटली दिली होती त्यांना. हिरव्या झाकणाची. ती कुठंय?”

“सरबताची व्हय? ती घिऊन गेली की. पूजाला आंबटाचं लई डोहाळं लागल्यात.”

मी घाईनं ओसरीवर चढले. आजींनी लसणाची पाटी बाजूला केली. “काय झालं गं पोरी? पानी देऊ?”

“पूजा कोण, आजी?”

“सुरेखाच्या भनीची लेक. सातवा लागलाय तिला.”

फोनला पासवर्ड होता, त्यामुळे बहिणीचा नंबर मिळेना. आजींना पाठ नव्हता. सुरेखाताईंचे मिस्टर कुठल्याशा साइटवर होते आणि त्यांचाही फोन लागेना. आजींना पत्ता मात्र ठाऊक होता. “मंडईच्या मागं, तुळशीबागंच्या अंगाला. खाली भांड्याचं दुकान हाय. छाया म्हणून इचार.”

जोशीकाकूंच्या सदाशिव पेठेतल्या घरून मंडईला मी चालत गेले असते. आता धायरीहून तीच वाट परत धरायची होती.

त्या प्रवासातलं मला फारसं आठवत नाही. एका रिक्षावाल्यानं ओरडून काहीतरी सुनावलं, एवढं आठवतं. मंडईजवळ गाडी लावायला जागा नव्हती. एका फळवाल्याच्या गाडीशेजारी स्कूटर तशीच उभी केली. “ताई, इथं नाय!” तो ओरडला. मी मागे बघितलं नाही. भांड्यांची दुकानं तिथे एक नाही, ओळीनं आहेत. प्रत्येक दुकानात ‘छायाताई, डोहाळजेवण’ एवढेच शब्द विचारत पळत होते. तिसऱ्या की चौथ्या दुकानदारानं वर बोट केलं. “गाणी ऐकू येत नाहीत का?”

ऐकू येत होती. दारात चपलांचा ढीग होता. आत बायका दाटीवाटीनं बसल्या होत्या. मधोमध फुलांनी सजवलेल्या झोपाळ्यावर हिरव्या साडीतली मुलगी. डोक्यात फुलांची वाडी, गळ्यात हार, हातात ग्लास. ग्लास अर्धा रिकामा होता.

“ते पिऊ नकोस!” मी दारातूनच ओरडले. गाणं थांबलं.

सुरेखाताई उठल्या. “अहो मॅडम? तुम्ही इथं?”

“ते सरबत नाहीये सुरेखाताई. भाज्या धुवायचं लिक्विड आहे. कुणीकुणी प्यायलं?”

पूजा बोलली, आईकडे बघत. “मी म्हटलं होतं ना, साबणासारखं लागतंय.”

तिची आई, छायाताई, पांढऱ्याफटक पडल्या होत्या. “मला वाटलं, डोहाळ्यात तोंडाची चव जाते. मीच म्हटलं, पी थोडं. आंबट आहे, बरं वाटेल.” आणि त्या एकदम रडायलाच लागल्या.

मान पूजाचा, म्हणून पहिला ग्लास तिला दिला होता. बाकीच्यांचे ग्लास अजून ट्रेमध्येच होते. एका काकूंनी तेवढ्यात पटकन ट्रे उचलून मोरीत रिकामा केला. दुसऱ्या कुणीतरी “मीठ-पाणी द्या, उलटी काढा” म्हणाल्या. ते करायचं नाही, एवढं मला कुठेतरी ऐकल्याचं आठवत होतं. मी म्हटलं, “आधी डॉक्टर. तिच्याच डॉक्टर. चला.”

पूजाच्या डॉक्टरांचं हॉस्पिटल बुधवार पेठेकडे जाताना, दोन गल्ल्या सोडून. फुलांच्या वाडीसकट तिला रिक्षात बसवली. शेजारी छायाताई. मी आणि सुरेखाताई मागून पळत. दगडूशेठच्या रस्त्यावर नेहमीची गर्दी होती. लोक वाटेत थांबून रिक्षातल्या फुलांकडे बघत होते. कुणी कौतुकानं हसतही होतं.

डॉक्टर पन्नाशीच्या, शांत. त्यांनी पूजाला आडवं केलं, पोटावर मशीन लावलं आणि न बघताच मला विचारलं, “ह्यात काय काय आहे?”

मी पिशवीतली जोशीकाकूंची बाटली पुढे केली. त्यांनी मागची बाजू वाचली. “इथे ‘नैसर्गिक घटक’ लिहिलंय. नैसर्गिक काहीही असतं. नेमकं काय आहे, ते सांगा.”

मी श्रुतीला फोन लावला.

“मॅम, फॉर्म्युला कॉन्फिडेन्शियल आहे. लीगलला विचारून मेल करते, ओके?”

“श्रुती, सातव्या महिन्यातल्या मुलीनं तुमचं लिक्विड प्यायलंय. डॉक्टर समोर आहेत.”

ती हळू म्हणाली, “ओह गॉड. थांबा, लाइनवर राहा.” ती धावत जिना उतरत असल्याचे आवाज मला ऐकू येत होते. प्लांटमधल्या केमिस्टच्या हातात तिनं सरळ फोन दिला. मी स्पीकर चालू केला. केमिस्टनं न अडखळता सगळं सांगितलं. फेस आणणारं एक द्रव्य, सायट्रिक अ‍ॅसिड, टिकवण्यासाठीचं रसायन, सुगंध. प्रमाणही सांगितलं. डॉक्टरांनी दोन प्रश्न विचारले. त्यानं दोन्हींची उत्तरं दिली. श्रुतीबद्दल माझं मत त्या जिन्यावर बदललं. लीगलला तिनं नंतर कळवलं, असं मला पुढे समजलं.

“सौम्य आहे,” डॉक्टर म्हणाल्या. “पोट बिघडेल. मी हिला आज इथेच ठेवते. बाळाकडे लक्ष ठेवू.”

मग खोलीत मशीनचा आवाज आला. भरभर, घोड्याच्या टापांसारखा. छायाताईंनी माझा हात धरला होता, तो इतका घट्ट की बांगडी रुतत होती. तो आवाज चांगला की वाईट, आम्हाला दोघींनाही कळत नव्हतं. आम्ही डॉक्टरांच्या चेहऱ्याकडे बघत होतो आणि त्यांच्या चेहऱ्यावर काहीही दिसत नव्हतं.

“ठीक आहेत ठोके,” त्या शेवटी म्हणाल्या. “तुम्ही दोघी बाहेर बसा. तुमचंच बीपी वाढलेलं दिसतंय.”

संध्याकाळपर्यंत पूजाला मळमळलं, दोनदा उलटी झाली, मग ती झोपली. सुरेखाताई बाकड्यावर माझ्यापासून लांब बसल्या होत्या. तिथूनच म्हणाल्या, “मॅडम, त्यांचं सरबत आम्ही लहानपणापासून पितो. म्हणून मी बघितलंच नाही. आता ही बहीण मला कायम ऐकवणार.”

“तुमची चूक नाही, ताई.”

“ते तुम्ही तिला येऊन सांगा.”

मी आत जाऊन सांगितलं. छायाताईंनी ऐकून घेतलं. बहिणीशी मात्र दिवसभर एक शब्द बोलल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी पूजाला घरी सोडलं आणि मी थेट क्लायंटच्या ऑफिसात गेले. सगळ्या घरांतल्या बाटल्या परत आणायला नितीन सरांनी आदल्या संध्याकाळीच माणसं पाठवली होती. सकाळी त्यांनी मला एवढंच विचारलं, “मुलगी बरी आहे ना?” स्टडीचा विषयही काढला नाही. मीटिंगमध्ये ते माझ्या शेजारी बसले. समोर श्रुती आणि कंपनीचे मालक, अण्णासाहेब. वय सत्तरीचं, पांढरा शर्ट, टेबलावर त्यांच्याच सरबताचा ग्लास.

मी पहिल्यापासून सगळं सांगितलं. जोशीकाकूंचा ट्रे, हडपसरचं कुलूप, हिरवी साडी.

“हॉल टेस्टमध्ये सगळ्यांना कळलं होतं ना?” अण्णासाहेबांनी श्रुतीला विचारलं.

“हो सर. सगळ्यांना.”

“मग घरी काय झालं?”

“हॉलमध्ये आम्ही विचारलं होतं,” मी म्हटलं. “परीक्षेत पेपर आला की माणूस वाचतो. घरी पेपर कुणी दिला नव्हता.”

“पण आमच्या नावावर लोकांचा इतक्या वर्षांचा विश्वास आहे,” ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. दुखावल्यासारखा होता.

“होय,” मी म्हटलं. “म्हणूनच ती प्यायली.”

अण्णासाहेब खुर्चीत मागे टेकले. नितीन सर काहीतरी सावरून घेणारं बोलतील, याची मला धास्ती होती. ते गप्प बसले. त्यांच्या गप्प बसण्याचे मी आजही आभार मानते.

“लेबलं छापून झालीत?” अण्णासाहेबांनी श्रुतीला विचारलं.

“हो सर. ट्रकसुद्धा बुक आहेत.”

“थांबवा.”

श्रुती बाहेर गेली. अण्णासाहेबांनी माझ्याकडून छायाताईंचा नंबर घेतला आणि माझ्यासमोर स्वतः फोन लावला. पलीकडून त्यांना बरंच काही ऐकून घ्यावं लागलं. त्यांनी ऐकून घेतलं.

ते लिक्विड पुढच्या वर्षी बाजारात आलं. दुसऱ्या नावानं, बुटक्या पांढऱ्या बाटलीत, वर पंप. लिंबू गेलं, पुदिना गेला. नळाखाली पालकाची जुडी धुणारे दोन हात आले. ‘पिऊ नका’ ही ओळ पुढच्या बाजूला, लाल अक्षरांत आली. हॉल टेस्टमध्ये एक बाई म्हणाल्या, “दिसायला अगदीच साबण वाटतंय.” क्लायंटच्या लोकांचे चेहरे पडले. मी त्या वाक्याखाली रिपोर्टमध्ये रेघ मारली. विक्री जेमतेम आहे, असं ऐकते.

पूजाला मुलगी झाली. वेळेवर, व्यवस्थित वजनाची. बारशाचं आमंत्रण मला आलं नाही आणि ते बरोबरच होतं. बातमी श्रुतीकडून कळली. ती पूजाची विचारपूस करत राहिली होती, तिला आमंत्रण होतं.

अजूनही मी घरोघरी बाटल्या, डबे, पाकिटं ठेवते. पण आधी आत काय आहे, ते केमिस्टकडून लेखी घेते. आणि काही दिवसांनी फोन करते, तेव्हा ‘लेबलवर काय लिहिलंय?’ असं विचारत नाही. त्याचं उत्तर सगळ्यांना येतं. वस्तू खाण्यापिण्याची नसली, की मी विचारते, “ठेवलंय कुठे?” मोरीत म्हणाले तर ठीक. सिंकखाली म्हणाले तर उत्तम. फ्रीजमध्ये म्हणाले, की मी बोलत बोलतच चप्पल शोधायला लागते.